विरंगुळ्याचे ऋण

बदलीच्या नव्या गावी बिऱ्हाड लागले, की पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे तीन गोष्टींची चौकशी होते. मुलांना शाळा कोणती, महाराष्ट्र मंडळ कोठे भरते, आणि रविवारी जाण्यासारखे जवळपास काय आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा पाण्यापाशी येऊन थांबते. भोपाळला मोठा तलाव, हैदराबादला हुसेनसागर किंवा थोडे दूर गंडीपेठ, बडोद्यास आजवा, चंडीगडला सुखना. आणि दिल्लीत पाण्याची वाण म्हणून लोदी उद्यानाची हिरवळ. डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी, काखेत सतरंजी, हातात फिरकीचा तांब्या किंवा अलीकडे बाटली, अशी दोन-तीन कुटुंबे मिळून निघालेली मंडळी आपण सर्वांनी पाहिली आहेत. किंबहुना ती मंडळी म्हणजे आपणच. आठवडाभर कचेरीतील कागदांनी शिणलेला जीव पाण्याच्या काठी तासभर बसला, की हलका होतो. हे पाणी आपण साठविलेले नसते, ही झाडे आपण लावलेली नसतात. त्या गावाची भाषाही पुष्कळदा आपणांस धड येत नाही. तरीही ते पाणी आपणांस विसावा देते. त्या विसाव्यापोटी आपण कोणाचे काही देणे लागतो काय, हा प्रश्न आम्हांस येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रश्न ऐकून कोणी म्हणेल, यात एवढा विचार करण्यासारखे आहे काय? बागेच्या दाराशी तिकीट काढले, नावेचे भाडे दिले, नगरपालिकेचा कर भरतो तो निराळाच. हिशेब तेथेच मिटला. दुसरा कोणी याहून वजनदार कारण सांगेल. सहा दिवस राबणाऱ्या माणसाने सातव्या दिवशी विश्रांती घ्यावी हा त्याचा हक्क आहे. हक्काच्या वस्तूला ऋण म्हणणे म्हणजे बिचाऱ्या कारकुनाच्या सुट्टीवरही नीतीचा कर बसविणे होय. ही दोन्ही उत्तरे आम्हांस टाकाऊ वाटत नाहीत. विश्रांतीचा हक्क खरा आहे, आणि तो श्रमिकांना सहजासहजी मिळालेला नाही. परंतु हक्क आहे तो विश्रांतीचा. अमुक एका तळ्याच्या काठावर आपला हक्क त्यातून सिद्ध होत नाही. कामाचे तास बेताचे असावेत हे आपण मालकाकडे मागू शकतो. डोंगरावरून येणारे पाणी गढूळ असू नये, हे कोणत्या मालकाकडे मागावयाचे? तिकिटाचे म्हणावे, तर त्या रकमेत फार तर दारावरच्या रखवालदाराचा आणि नावाड्याचा रोज निघतो. तळे त्या तिकिटात येत नाही. ते कोठून येते याचा शोध घेतला, म्हणजे या देण्याचे स्वरूप कळू लागते.

आपल्या जुन्या धर्मविचारात तळ्याला मोठे स्थान आहे. यज्ञादी कर्मांस ‘इष्ट’ आणि विहिरी, तळी, देवालये, बागा, अन्नदान यांस ‘पूर्त’ म्हणत. दोन्ही मिळून गृहस्थाचे ‘इष्टापूर्त’ होई. अहिल्याबाई होळकरांनी माळव्यात बसून आपल्या राज्याच्या सीमेबाहेर दूरदूरच्या तीर्थक्षेत्री घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्या याच भावनेने. राजनीतीनेही हा विषय केवळ पुण्यावर सोडला नव्हता. नवे तळे किंवा बंधारा बांधणाऱ्यास पाच वर्षे कराची सूट द्यावी, असे कौटिल्य सांगतो. आणि पाण्याने भरलेल्या तळ्याचा बांध फोडणाऱ्यास त्याच पाण्यात बुडवावे, असा दंडही तोच सांगतो. दंड अघोरी खरा, पण एका बांधावर किती माणसांचा जीव अवलंबून असतो याची जाणीव त्यात आहे. पाण्यात थुंकू नये, घाण करू नये, हे नियम तर स्मृतींत आहेतच. बांधणाऱ्याचे पुण्य, फोडणाऱ्याचे पाप आणि वापरणाऱ्याची शुचिता, इतक्यांची व्यवस्था आपल्या पूर्वजांनी लावून ठेविली. केवळ मन रमविण्यासाठी काठावर येऊन बसणारा आणि पाणी न भरताच परत जाणारा जो मनुष्य, त्याची वेगळी गणना करण्याची त्यांस गरज पडली नाही. तो मनुष्य नंतरच्या काळाचा, म्हणजे आपला आहे.

कारण उघड आहे. ती तळी फिरावयास जाण्यासाठी बांधलेली नव्हती. भोपाळचा मोठा तलाव 11 व्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीवर मातीचा बांध घालून केला, असे परंपरा सांगते. त्या शहरास आजही त्याचे पाणी प्यावयास मिळते. हुसेनसागर 1560 च्या दशकात, इब्राहिम कुली कुतुबशहाच्या राजवटीत, हुसेन शाह वली यांच्या देखरेखीखाली झाला, तोही पाण्याच्या गरजेपोटी. आजव्याचे सरोवर सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधविले, ते बडोदेकरांस स्वच्छ पाणी मिळावे म्हणून. फिरावयास जाणाऱ्याचा आनंद हे या सर्व कामांचे आनुषंगिक फळ आहे. झाड लावले आंब्यासाठी, सावली मिळाली वाटसरूला, तसाच हा प्रकार. वाटसरूने सावलीत बसण्यात गैर काहीच नाही. परंतु झाड आपल्या सावलीसाठीच उभे आहे असे त्याने मानले, की पुढचे सगळे चुकीचे होत जाते.

येथे तीर्थयात्रा आणि सहल यांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. यात्रेकरू पाण्यापाशी जाई तो काही मागावयास, म्हणून जाताना काही सोडीत असे: एक वेळचे जेवण, पायातील वहाणा, डोईवरचे केस, गाठीचे चार पैसे. त्यामुळे आपली तीर्थे स्वच्छ राहिली, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. नदीकाठचे कोणतेही क्षेत्र पाहिलेला माणूस ते करणार नाही. परंतु आपण याचक आहोत आणि स्थळ दाते आहे, एवढे तरी यात्रेकरूच्या मनात स्पष्ट असे. सहलीस जाणाऱ्याच्या मनात हे नाते नकळत उलटे होते. तो स्थळाची पारख करतो: पाणी कमी आहे, बाके मोडकी आहेत, चहा बरा मिळत नाही. तो गिऱ्हाईक होतो. वस्तुतः या दोहोंच्या मधली एक रीत आपल्या घराघरांत होती. कार्तिकातील आवळीभोजनास बायकामुले रानात जात, ती खाण्यापिण्यासाठी आणि हसण्याखेळण्यासाठीच; परंतु पान वाढण्यापूर्वी आवळीच्या बुंध्याशी हळदकुंकू वाहिले जाई. त्या चिमूटभर हळदकुंकवात धर्म किती आणि करमणूक किती, हे कोणी मोजीत बसत नसे. ज्याच्या सावलीत जेवावयाचे त्याला आधी ओळख द्यावयाची, इतकाच त्याचा अर्थ. आजच्या सहलीतून हीच ओळख गळून गेली आहे.

ओळख द्यावयाची म्हणजे आधी ती करून घ्यावयास हवी. आणि ती करून घेऊ जाता काही अस्वस्थ करणाऱ्या गोष्टी समोर येतात. गंडीपेठेचा जलाशय, म्हणजे उस्मानसागर, हे हैदराबादकरांच्या कित्येक पिढ्यांचे सहलीचे स्थान. तो 1920 मध्ये पूर्ण झाला. तो बांधण्याची निकड भासली, कारण 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर येऊन हजारो माणसे प्राणास मुकली होती. असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून विश्वेश्वरय्यांसारख्या अभियंत्यास पाचारण झाले आणि त्यांच्या सल्ल्यातून मुसीच्या वरच्या अंगास जलाशय उभे राहिले. ज्या बांधावर बसून आपण शेंगा सोलतो, तो एका शहराच्या शोकातून वर आला आहे. दिल्लीत लोदी सुलतानांच्या कबरींभोवती एकेकाळी खैरपूर नावाचे गाव नांदत होते. 1936 मध्ये तेथील रहिवासी हलविण्यात आले, हिरवळ घातली गेली, आणि त्या बागेस व्हाइसरॉयच्या पत्नीचे, लेडी विलिंग्डन यांचे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर ते बदलून लोदी उद्यान झाले. सकाळच्या प्रहरी तेथे फेऱ्या घालणारे कित्येक अधिकारी आपल्या ओळखीचे असतील. त्यांच्या पायवाटेखाली कोणाची तरी चूल होती, हे तेथे कोणी सांगत नाही.

दूरच्या गावांचीच उदाहरणे कशास हवीत? पुण्याजवळचे मुळशी आपल्या परिचयाचे आहे. आज पावसाळ्यात त्या जलाशयाच्या बाजूने मोटारींची रांग लागते, आणि सुट्टीवर घरी गेलेले आपणही त्या रांगेत असतो. मुंबईच्या विजेसाठी टाटांच्या योजनेने ते खोरे पाण्याखाली जावयाचे होते, तेव्हा 1921 मध्ये मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट हे नाव महाराष्ट्राला मिळाले. सत्याग्रह अखेर निष्फळ झाला. भाताची खाचरे, घरे, देवळे, सारे पाण्याखाली गेले. आज आपण त्या पाण्याची शोभा पाहतो, ती खरीच आहे. पण ती शोभा कोणाच्या तरी घरावर पसरलेली आहे हेही तितकेच खरे आहे.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की मग अशा ठिकाणी जाऊच नये. आम्हांस तो मान्य नाही. बुडालेले गाव आपण न गेल्याने वर येत नाही. शिवाय ज्या सृष्टीत आपण राहतो, तीत कोणाच्या ना कोणाच्या त्यागाचा अंश नसलेला घासच सापडणार नाही. त्याच न्यायाने चालू लागलो, तर माणसास जेवणही सोडावे लागेल. प्रश्न ऋणमुक्त सुख शोधण्याचा नाही, कारण तसे सुख कोठेही नाही. ऋण ओळखून ते कोणत्या नाण्यात फेडावयाचे, एवढाच प्रश्न आहे.

या नाण्याची ओळख पटावी म्हणून आम्ही वाचकांस चंडीगडच्या सुखना तळ्याकडे नेऊ इच्छितो. फाळणीत लाहोर गेले, पूर्व पंजाबास नवी राजधानी हवी झाली, आणि शिवालिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी ल कार्बुझिए या वास्तुकाराच्या आराखड्यानुसार चंडीगड वसू लागले. तेथून सुखना चो नावाचा ओढा वाहत असे. ‘चो’ म्हणजे पावसाळ्यात धो धो वाहणारा आणि एरवी वाळूचा पट्टा होऊन पडणारा प्रवाह. ल कार्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांनी 1958 मध्ये या चोवर मातीचा बांध घालवून सुमारे तीन चौरस किलोमीटरचे तळे निर्माण केले. वर सांगितलेल्या तळ्यांहून हे एका बाबतीत निराळे होते. नागरिकांनी शहराच्या दगदगीतून सुटून शांतपणे निसर्ग पाहावा, हाच येथे मुख्य हेतू होता. तसे सांगूनच ते नव्या शहरास अर्पण करण्यात आले. शांतता टिकावी म्हणून बांधावरच्या रस्त्यास मोटारी आणि पाण्यात यंत्राच्या नावा येऊ द्यावयाच्या नाहीत, असा ल कार्बुझिएचा आग्रह होता. करमणुकीसाठीच बांधलेल्या तळ्यावर त्याच्या कर्त्याने पहिल्या दिवसापासून करमणुकीलाच मर्यादा घातली, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. भोपाळच्या जुन्या तलावावर असाच निर्बंध यावयास 2023 साल उजाडावे लागले. तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तेथील यंत्रचलित नौका बंद करण्याचा आदेश दिला.

परंतु काठावरच्या माणसांनी मौन पाळून तळे वाचत नाही, हेही सुखनाने लवकरच दाखवून दिले. शिवालिकची माती ठिसूळ. टेकड्यांवरची झाडे तुटलेली, गवत शेळ्यामेंढ्यांनी खाल्लेले; दर पावसाळ्यात ती माती चोबरोबर खाली येई आणि तळ्यात बसे. दोन दशकांच्या आतच तळे गाळाने भरत चालल्याचे ध्यानात आले. गाळ उपसण्याचा खर्च मोठा, आणि उपसलेला गाळ पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हजर. पुढे शहरातील नागरिकांनी घमेली-फावडी घेऊन श्रमदानही केले. त्यांची निष्ठा वाखाणण्याजोगीच होती. पण रोगाचे मूळ तळ्यात नव्हते, ते वर डोंगरात होते.

ते मूळ शोधीत चंडीगडच्या मृद्‌संधारण संशोधन केंद्रातील परशुराम मिश्र आणि त्यांचे सहकारी 1970 च्या दशकात टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या गावांपर्यंत गेले. सुखोमाजरी हे त्यांपैकी एक. गाव गरीब, शेती पावसावर, त्यामुळे भिस्त जनावरांवर; आणि जनावरे उघड्या टेकड्यांवर. नुसता शास्त्रीय इलाज सोपा होता: टेकड्यांवर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. परंतु शहरवासीयांच्या नौकाविहारासाठी आपली शेळी उपाशी का ठेवावी, या गावकऱ्याच्या प्रश्नास शास्त्रापाशी उत्तर नव्हते. झाडे लावली, ताली घातल्या, तरी जनावरे टेकडीवर जातच राहिली. मग 1976 मध्ये गावाच्या वरच्या अंगास एक लहानसा मातीचा बंधारा घातला गेला. त्याचे पाणी शेतात आले, करपणारे पीक हाती लागले, आणि तेव्हा लोकांस पटले, की टेकडी उघडी राहिली तर हा बंधाराही गाळाने भरेल. चराई थांबविण्यात आता त्यांचाही लाभ होता.

तरीही एक अडचण उरली, आणि आमच्या मते या हकिगतीचा गाभा तीच आहे. बंधाऱ्याचे पाणी ज्यांची जमीन होती त्यांस मिळे. टेकडीवरची चराई मात्र भूमिहीनांनीही सोडावयाची होती. ज्याने त्याग अधिक करावा त्यालाच फळ नाही, असा हा व्यवहार. भूमिहीनांनी तो मान्य केला नाही, आणि ते योग्यच होते. अखेर गावाने असे ठरविले, की पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा सारखा वाटा राहील, मग त्याची जमीन असो वा नसो. ज्यास जमीन नाही त्याने आपला वाटा दुसऱ्यास द्यावा आणि मोबदला घ्यावा. या तडजोडीनंतर टेकडीभोवती तारेचे कुंपण घालण्याची आवश्यकता राहिली नाही. गावाच्या संमतीचे जे कुंपण पडले, त्यास पुढे ‘सामाजिक कुंपण’ हे नाव मिळाले. शेळ्या कमी झाल्या, गोठ्यात म्हशी आल्या, टेकड्यांवर भाबर गवत वाढले आणि ते विकून गावास उत्पन्न होऊ लागले. तेथून वाहून येणारी माती खूपच घटली. पुढील काळात त्या व्यवस्थेतही ताण उत्पन्न झाले, तेव्हा तिला आदर्श म्हणून देव्हाऱ्यात बसविण्याची आमची इच्छा नाही. पण तिने एक गोष्ट निर्विवादपणे सिद्ध केली: काठावरच्या माणसाचा विसावा डोंगरावरच्या माणसाच्या संयमावर अवलंबून असतो, आणि तो संयम न्यायाने वाटला गेला तरच टिकतो.

म्हणून ज्या नाण्यात हे ऋण फेडावयाचे ते नाणे संयमाचे आहे, असे आम्ही म्हणतो. पैसा त्यास पुरा पडत नाही. दुसऱ्याने आपली शेळी टेकडीवर नेली नाही, याची भरपाई आपण नावेचे चौपट भाडे देऊन होत नाही. आपणही आपल्यापुरते काही मागे घ्यावे, तेव्हाच त्याच्या मागे घेण्यास काही अर्थ राहतो. पाण्याकाठी मोठ्याने गाणी लावू नयेत, उष्ट्या पत्रावळी आणि पिशव्या तेथे टाकू नयेत, पक्ष्यांस खडे मारणाऱ्या मुलाचा हात धरावा. ही संयमाची पहिली आणि सर्वांत स्वस्त इयत्ता होय. पुढची इयत्ता कठीण आहे. पाण्याचा देखावा दिसावा म्हणून काठावरच घर हवे, गारवा हवा म्हणून टेकडीच्या उतारावर बंगला हवा, ही हौस शेळीपेक्षा अधिक माती खाली आणते आणि अधिक पाणी अडवते. गंमत अशी, की शेळीवाल्यास आपण अज्ञानी म्हणतो आणि बंगलेवाल्यास रसिक.

याच सुखनाच्या पाणलोटातील अनधिकृत बांधकामांचा प्रश्न पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा 2020 च्या मार्चमध्ये न्यायालयाने सुखना तळे हे एक जिवंत अस्तित्व आहे, त्यास व्यक्तीप्रमाणे हक्क आहेत, असे जाहीर केले. आणि त्याच्या रक्षणासाठी चंडीगडच्या सर्व नागरिकांस पालकाच्या ठिकाणी कल्पिले. तळे व्यक्ती कसे होईल, यावर कायदेपंडित वाद घालोत. आम्हांस त्यातील ‘पालक’ ही कल्पना विचारात पाडते. आजवर आपण समजत होतो, की तळे आपले पालन करते. न्यायालय म्हणाले, आता उलट करा.

आणि येथेच आपणा बदलीच्या माणसांचा विशेष प्रश्न उभा राहतो. चंडीगडचे नागरिक कोण? तीन वर्षांसाठी आलेला, घरमालकाच्या पत्त्यावर शिधापत्रिका काढलेला, मनाने सातारा किंवा नागपूरला असलेला अधिकारी त्यात येतो काय? आपल्यापैकी पुष्कळांचे खासगीतले उत्तर असे असते, की आम्ही येथले नव्हे; हे गाव त्यांचे, तळे त्यांचे, त्यांनी पाहून घ्यावे. हे उत्तर नम्र दिसते, पण त्यात एक सोय दडलेली असते. विसावा घेताना आपण येथले होतो आणि देणे आले की परके होतो. आपल्या घरी आलेला पाहुणा असा वागला, तर आपण त्यास काय म्हणू? पाहुण्याने घरच्यांपेक्षा अधिक जपून वागावे, हीच आपल्याकडची रीत. कारण घरच्याने मोडलेले त्यास उद्या दुरुस्त करता येते, पाहुणा तर निघून जावयाचा असतो.

शिवाय आपण नुसते पाहुणे नाही. आपल्या हाती लेखणी असते. तळ्याच्या पाणलोटात बांधकामास ना-हरकत द्यावयाची की नाही, गावाची गायराने कोणास द्यावयाची, चराईबंदी करताना गुराख्याची पर्यायी सोय पाहिली की नाही, असल्या फायली ज्यांच्या मेजावरून जातात त्यांत आपण आहोत. गंडीपेठ आणि हिमायतसागर या जलाशयांच्या पाणलोटात बांधकामांस आळा घालणारा आदेश 1996 मध्ये निघाला, तो ‘जी. ओ. 111’ या क्रमांकानेच हैदराबादेत ओळखला जातो. 2022 मध्ये तेलंगण सरकारने ते निर्बंध उठविण्याचा निर्णय घेतला. त्याच्या युक्तायुक्ततेविषयी मतभेद आहेत. पाणलोटातील गावांतील शेतकऱ्यांचीही त्यात एक बाजू आहे, आणि सुखोमाजरीची हकिगत ऐकल्यावर ती हसण्यावारी नेता येत नाही. शहराच्या पाण्यासाठी ज्यांनी आपली जमीन मोकळी ठेवावयाची, त्यांस त्या मोकळेपणात काय वाटा मिळाला, हा प्रश्न त्यांनी विचारलाच पाहिजे. आमचा मुद्दा एवढाच, की एका तळ्याचे दैव पंचवीस वर्षे एका कागदाने बांधले जाते आणि दुसऱ्या कागदाने सुटू शकते. रविवारी ज्या पाण्याकडे पाहून आपण सुखावतो, त्याचे भवितव्य सोमवारी आपल्यासारख्याच कोणाच्या तरी मेजावर असते. सोमवारचा माणूस आणि रविवारचा माणूस हे दोघे एकमेकांस अनोळखी राहतात, हे आमच्या मते आपल्या जीवनातील मोठे व्यंग आहे.

परक्या गावाशी नाते कसे जडावे, याचेही एक उदाहरण सुखनाच्याच पाण्यात आहे. ल कार्बुझिएचा चुलतभाऊ पिअर जान्नरे हा स्विस वास्तुकार 1951 मध्ये कामानिमित्त चंडीगडला आला. मूळ आराखडा देऊन मोठा भाऊ येत-जात राहिला. हा मात्र तेथेच राहिला, सरकारी घरे, शाळा, साध्या लाकडाची बाके-खुर्च्या घडवीत. 1965 मध्ये प्रकृतीमुळे त्यास परतावे लागले आणि 1967 मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या इच्छेनुसार 1970 मध्ये त्याच्या अस्थी सुखना तळ्यात विसर्जित करण्यात आल्या. तो कायमचा रहिवासी नव्हता. आपल्या भाषेत सांगावयाचे तर बदलीवर आलेला माणूस होता. अस्थी तेथे पाठवाव्यात इतके प्रेम प्रत्येकाने करावे, असे आम्ही म्हणत नाही. पण नेमणुकीचा काळ संपतो म्हणून नात्याचा काळही तेवढाच असावा, असा नियम नाही, हे त्यावरून दिसते.

आता शेवटचा आक्षेप. एवढी सगळी जाणीव डोक्यात घेऊन तळ्याकाठी बसल्यावर विरंगुळा तो कसला उरणार? चार घटका सर्व विसरावे म्हणूनच तर माणूस तेथे जातो. या आक्षेपात तथ्य आहे, आणि लहान मुलांच्या हाती भेळ देताना मुळशीचा इतिहास सांगत बसावे, असा आमचा आग्रह नाही. परंतु विसरणे दोन प्रकारचे असते. कचेरीतील कटकटी, बढतीचे मत्सर, घरभाड्याची तक्रार हे विसरावयासच हवे. त्यांचा विसर पडला की मन मोकळे होते. ज्याच्यामुळे पाणी समोर आहे त्याचा विसर मात्र मनाला मोकळे करीत नाही, केवळ पोरके करतो. स्वयंपाक कोणी केला हे ठाऊक असल्याने जेवणाची चव जात नाही. उलट परक्या गावी कोणी आपल्यासाठी मुद्दाम पुरणपोळी केली आहे हे कळले, तर ती अधिक गोड लागते. दूरच्या गावी एकाकी वाटणाऱ्या माणसास तर ही जाणीव आधारासारखी आहे. ज्या गावचे आपण कोणी नव्हतो, त्या गावच्या कोणा अनोळखी गुराख्याने, माळ्याने, नावाड्याने आपल्यासाठी काही राखून ठेविले आहे. म्हणजे आपण तेथे अगदीच उपरे नाही.

मग करावे काय? बृहन्महाराष्ट्रातील आपली मंडळे कोजागिरीस बहुधा एखाद्या तळ्याकाठीच जमतात. दूध आटते, गाणी होतात, मंडळी उशिरा घरी जातात. त्याच मंडळांनी वर्षातून एक दिवस तळ्याच्या खालच्या अंगास न जाता वरच्या अंगास जावे, असे आम्ही सुचवितो. जेथून पाणी येते तो ओढा पाहावा, तेथील गावात तासभर बसावे, कोणाची जनावरे कोठे चरतात, कोणाची जमीन कशाखाली गेली, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. भाषा अडली तर मुले मदत करतील. ती आपल्यापेक्षा लवकर शिकलेली असतात. आणि बदलीचा हुकूम हाती पडेल तेव्हा नव्याने येणाऱ्या सहकाऱ्यास शाळेचे नाव, मंडळाचा पत्ता आणि दूधवाल्याचा हिशेब समजावून देताना, त्या तळ्याचे पाणी कोठून येते आणि ते कोण राखतो, हेही सांगून जावे.